टाळूचं ऑपरेशन, माहेरी गेलेली बायको आणि कानबाईचे रोट

प्रश्न थोडक्यात असा. चोपड्याकडच्या एका गावातले, केळीची शेती करणारे एक वडील विचारतात: मुलगी सात महिन्यांची आहे, जन्मतः ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले. ओठाचं ऑपरेशन पाचव्या महिन्यात झालं, टाळूचं बाकी आहे. आई म्हणते, सुनेनं ग्रहणात वांगी चिरली म्हणून हे झालं. बायको अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलीला घेऊन माहेरी गेली ती अजून आलेली नाही. पाच वर्षांचा मोठा मुलगा इथंच आहे आणि पुन्हा अंथरुणात शू करायला लागला आहे. श्रावणात घरी कानबाई (आमच्या खानदेशची देवी) बसते, रोटांचा प्रसाद असतो, सगळी भाऊबंदकी येईल. दूध पाजताना मुलीला ठसका लागतो म्हणून मी तिला कधी पाजलेलं नाही. टाळूचं ऑपरेशन नेमकं कधी करावं आणि तोवर काय काळजी घ्यावी?

भाऊ, तुम्ही शेवटी विचारलंय ऑपरेशनचं, पण वरच्या सगळ्या ओळी घराच्या आहेत. मी स्पीच थेरपिस्ट आहे. जळगाव-धुळ्याकडे बावीस वर्षं ओठ-टाळूच्या मुलांबरोबर काम करतेय. सर्जन नाही, म्हणून चाकूच्या गोष्टी थोडक्यात सांगते आणि घराबद्दल जास्त लिहिते. तुमची अडचण तिथंच आहे असं मला वाटतं.

टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिवतात. बऱ्याच ठिकाणी दहा-बारा महिन्यांच्या आसपास करतात, म्हणजे मूल बोलायला लागेल तेव्हा टाळू बंद झालेली असते. तुमच्या मुलीचं नेमकं कधी, ते तिचं वजन, हिमोग्लोबिन, कान, हृदय आणि जबडा पाहून ठरेल. यातलं काहीच मला लांबून दिसत नाही, त्यामुळे तारीख माझ्याकडून घेऊ नका. एक मात्र आधीच सांगून ठेवते. दिलेली तारीख पुढे जाऊ शकते. रात्रीच्या एसटीनं उठून आलेली माणसं, बाळाला सर्दी आहे म्हणून सकाळी परत फिरलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. बाप चिडतो, आई रडते, आणि घरी गेल्यावर कुणीतरी म्हणतंच की तिथं काही खरं नाही. सर्दी-खोकल्यात भूल देणं धोक्याचं असतं, त्यासाठी ते परत पाठवतात. घरच्यांना हे निघायच्या आधी सांगून ठेवलंत तर परत आल्यावर निम्मा तमाशा वाचेल.

आणि टाळू शिवली म्हणजे संपलं असंही नाही. बोलण्याची थेरपी, कानाची तपासणी, वाकडेतिकडे येणारे दात, आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास हिरडीत हाड भरण्याचं ऑपरेशन, आणि वरचा जबडा मागे राहिला तर वाढ पूर्ण झाल्यावर, सतरा-अठराच्या आसपास, जबड्याचं. सगळ्यांना सगळं लागतं असं नाही. पण पंधरा-सोळा वर्षं कुठल्या ना कुठल्या दवाखान्याची पायरी चढावी लागते. त्यात टेबलावरचे तास मोजले तर हाताच्या बोटांवर मावतील. बाकीचा सगळा काळ मूल घरात असतं, म्हणून मी घराला इतकं धरून बसलेय.

आधी एका शब्दाचा घोळ. आपल्याकडे टाळू म्हटलं की डोक्यावरची, तेल भरायची टाळू. डॉक्टर म्हणतात 'टाळू फाटलेली आहे' आणि आजी डोकं चाचपते. एरंडोलकडच्या एका घरात तीन महिने बाळाच्या डोक्यात वाटी वाटी तेल जिरवत होते, भोक भरून यावं म्हणून. कुणी त्यांना तोंड उघडून आत दाखवलंच नव्हतं. तुमच्या आईला मुलीच्या तोंडात बॅटरी मारून एकदा नीट दाखवा. नाक आणि तोंड यांच्यामधली ही भिंत आहे, ती जुळलेली नाही, म्हणून दूध नाकातून येतं, एवढं सांगा. दिसलं की अर्धी भीती जाते. न दिसलेल्या गोष्टीलाच ग्रहण चिकटतं.

आता ग्रहण. 'पोरले ग्रहण लागनं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. पोटातल्या बाळाचा ओठ जुळतो तो चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. म्हणजे कित्येक बायकांना आपण गरोदर आहोत हे नुकतं कळलेलं असतं तेव्हा. मी शांतपणे विचारते, ग्रहण कितव्या महिन्यात होतं? बहुतेक घरांत उत्तर येतं पाचव्या, सहाव्या, सातव्या. तेव्हा ओठ कधीच जुळून झालेला असतो, किंवा न जुळायचा तो राहून गेलेला असतो. गंमत म्हणजे तिकडे मेक्सिकोतही हाच समज आहे, तिथल्या गरोदर बायका ग्रहणात कपड्याला सेफ्टी पिन लावून ठेवतात. जगात साधारण सातशे बाळांमागे एकाला हा त्रास असतो. काहींच्यात घराण्यातून येतो, काहींच्यात गरोदरपणातलं धूम्रपान, फिटची काही औषधं, ताब्यात नसलेला मधुमेह यांचा हात असतो. बऱ्याच वेळा एक असं कारण सापडतच नाही. वहिनींनी चिरलेल्या वांग्यांचा यात काही संबंध नाही. हे तुम्ही तुमच्या तोंडानं, तुमच्या आईसमोर आणि वहिनींच्या देखत म्हणायला हवं. मी सांगितलं तर ते मॅडमचं म्हणणं होतं, तुम्ही सांगितलं तर घराचं.

पण आईशी वाद घालत बसू नका. माझा अनुभव असा की आजीला पटवण्यापेक्षा तिला काम दिलेलं बरं. कसं, ते आता सांगते, आणि त्यासाठी माझी एक चूक सांगावी लागेल.

नोकरीला लागले तेव्हा मी आईलाच सगळं सांगायची. असं पाजा, तसं बसवा, हे आवाज काढून घ्या, वही ठेवा. शहाद्याकडून एक बाई दर पंधरा दिवसांनी यायच्या, अगदी नियमानं. मग एकदम बंद झाल्या. मी मनात म्हटलं, यांना मुलीची काळजी नाही. वर्षानं परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगितलेलं सगळं मलाच करायचं होतं. दूध मी, फाईल मी, आणि येणारा-जाणारा विचारील त्याला उत्तरही मीच." त्या दिवसापासून मी घरातल्या एकाच माणसाला सूचना देत नाही. तिघं तरी समोर बसल्याशिवाय सुरुवातच करत नाही.

तुमच्या घरात ही तिन्ही कामं कुणाकडे आहेत? तुमच्या लिहिण्यावरून तरी तिन्ही वहिनींकडे. अखाजीला गेलेली बाई आषाढ आला तरी येत नाही, याचं मला तरी नवल वाटत नाही. माहेरी निदान उत्तरं देणारी दुसरी माणसं असतील.

दुधाचं बघा. ठसका लागतो म्हणून तुम्ही हात लावत नाही. ठसका वहिनींच्या हातूनही लागतोच, फक्त त्यांना हात काढून घेता येत नाही. टाळू उघडी असली की बाळाला तोंडात ओढ धरता येत नाही, म्हणून नुसतं अंगावर पाजणं जमत नाही आणि काढलेलं दूध वाटी-चमच्यानं द्यावं लागतं. मुलीला मांडीवर जवळजवळ बसती करा, पाठीला तुमचा डावा हात, डोकं हाताच्या बेचक्यात, आडवी मुळीच नको. चमचा खालच्या ओठावर टेकवायचा आणि थांबायचं. ती ओठ हलवील तेव्हा थोडंसं आत सोडायचं. घोट गिळलेला गळ्याशी दिसतो, तो दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. पाच-सहा घोटांनंतर खांद्यावर घेऊन ढेकर, कारण या बाळांच्या पोटात हवा खूप जाते. नाकातून दूध आलं तर तिला जरा पुढे झुकवा, मऊ फडक्यानं पुसा, श्वास लागू द्या आणि पुन्हा सुरू करा. नाकातून येणं वेगळं आणि श्वास अडकणं वेगळं. ओठ निळे पडायला लागले, प्रत्येक वेळी दमछाक होऊ लागली, तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडे. एक वेळचं पाजणं अर्ध्या तासाच्या वर ताणू नका, त्यापुढे ती जेवढं पिते तेवढं दमण्यात घालवते.

काही घरांत अजून पितळी बोंडलं असतं. प्रेमानं काढून घासून ठेवलेलं असतं, पण त्याची चोच आतून नीट स्वच्छ होत नाही आणि धारही आवरत नाही. वाटी-चमचा बरा. सात महिने झालेत म्हणजे वरचं अन्नही इतर मुलांसारखंच चालू हवं. उलट जरा घट्ट असलं तर नाकात कमी जातं. वरण-भात मऊ करून, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं (तुमच्याकडे काय कमी आहे), आणि शेवटी दोन चमचे पाणी. तिखट नको, नाकात झोंबतं.

हे काम तुम्ही शिका आणि तुमच्या आईलाही शिकवा. पारोळ्याच्या एका आजीबाई पहिल्या दिवशी माझ्या खोलीत आल्या त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. सुनेनं दोनदा पाजलं, बाळ दोनदा ठसकलं. तिसऱ्यांदा आजी वळल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "दे आठे, मी पाजस तिले." ढेकर काढण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. सहा लेकरं वाढवलेली बाई. त्यानंतर ग्रहणाचा विषय त्यांनीच बंद केला, कारण आता शेजारणीला सांगायला त्यांच्याकडे दुसरं काहीतरी होतं. प्रत्येक घरी असं होईल याची हमी नाही. काही आजी शेवटपर्यंत भिंतीकडेच बघतात. मग त्यांना मोठ्या नातवाचं बघू द्या आणि बाळापासून थोडं लांब ठेवा, त्यातही काही बिघडत नाही.

फाईलचं काम पूर्ण तुमचं. जाड प्लास्टिकची, चेन असलेली एक बॅग घ्या. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, अंगणवाडीत केलेल्या वजनाचे आकडे, कानाची तपासणी, सगळं तारखेनं लावून. तिचा ऑपरेशनच्या आधीचा एक फोटोही त्यात ठेवा. पुष्कळ घरांत असा फोटो काढलेलाच नसतो किंवा नंतर मोबाईलमधून पुसून टाकतात. ती दहा-बारा वर्षांची होईल तेव्हा ओठावरच्या वणाबद्दल विचारील. लपवलेला फोटो सापडण्यापेक्षा दाखवलेला बरा. एक गोष्ट फार आया माझ्याशी हळूच बोलतात: ओठ शिवल्यावर बाळाचं जुनं, रुंद हसू गेलं म्हणून त्यांना चुटपुट लागते आणि त्या चुटपुटीची लाजही वाटते. वहिनींना तसं वाटलं असेल तर त्यात विचित्र काही नाही.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, सुरुवात आपल्या पालघरपासूनच झाली. त्याची तपासणी पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडून नाव नोंदवा. स्माइल ट्रेन या ओठ-टाळूच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या दवाखान्यांतही ही ऑपरेशनं मोफत होतात. केळीवर कर्ज काढून खाजगीत धावायच्या आधी या दोन्हीकडे विचारा.

आता कानबाई. रविवारी बसेल, सोमवारी विसर्जन, म्हणजे दोन दिवस घर भरलेलं. प्रत्येक जण मुलीला उचलून तोंडाकडे बघणार आणि चुलत-मावस सगळे एकच प्रश्न विचारणार. ते उत्तर आत्ताच ठरवा, घरातल्या सगळ्यांचं एकच: "ओठ आणि टाळू जुळले नव्हते. ओठ झालाय, टाळूचं ऑपरेशन होईल. दूध पिते, वजन वाढतंय." इतकंच. त्यानंतर "रोट घ्या." बायका स्वयंपाकघरात शिरायच्या आधी, दारातच हे उत्तर तुम्ही किंवा तुमच्या वडिलांनी द्यायचं. वहिनींना विचारायला कुणी उरलं नाही पाहिजे. एखादी आत्या पुढे म्हणेलच, "पण कुणाच्या बाजूनं आलं?" त्यावर तुमचं उत्तर, "कुणाच्याच नाही, आत्या, चहा घ्या." मी हसण्यावारी लिहितेय असं वाटेल, पण हे मी जोडप्यांकडून खोलीत दोनदा-तीनदा म्हणून घेते. पुरुषांना पहिल्यांदा जमत नाही, वाक्य घशातच अडकतं.

मोठ्या मुलाचं. आई आणि बहीण एकदम गेल्या, घरात कुजबूज, बाप गप्प. पाच वर्षांच्या पोरानं काय करावं? त्याला रागावू नका, चारचौघांत अंथरूण वाळत घालताना बोलू नका, आणि "तू आता मोठा झालास" हे वाक्य काही दिवस बंद. रोज अर्धा तास फक्त त्याचा ठेवा, मळ्यात न्या, मोटार चालू करू द्या. बहिणीला काय आहे ते त्यालाही सांगा, नाहीतर तो स्वतःच काहीतरी जुळवून बसतो. एका मुलाला वाटत होतं, आपण आईच्या पोटाला धक्का दिला म्हणून बाळाचा ओठ फाटला. लघवीला जळजळ असेल, खूप तहान लागत असेल किंवा बद्धकोष्ठ असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

वहिनींची झोप-जेवण कसं आहे ते विचारा, फोनवर नको, समोर बसून. बाळ झोपल्यावरही झोप लागत नाही, कशातच मन नाही, सारखं रडू येतं, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तो रुसवा समजू नका, डॉक्टरांना दाखवा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी सेवेचा, मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचं बोलत असतील तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

माझ्या स्वतःच्या विषयातलं थोडंसं, तुम्हाला लवकरच लागेल म्हणून. मुलगी आता बडबडायला लागेल. म आणि न तिला सहज येतील, कारण त्यांची हवा नाकातूनच जाते. ब, प, ड, ग यांना तोंडात हवा कोंडावी लागते आणि तिची हवा वरून निसटते. म्हणून टाळू शिवेपर्यंत ती 'मामा' म्हणेल आणि 'बाबा'ही 'मामा'च होईल. यावरून एका घरात चक्क भांडण झालं होतं, माहेरच्यांनी शिकवलं म्हणून. तुम्ही तिच्याशी खूप बोला, ती जो आवाज काढील तोच परत काढा. फुगे फुगवणं, मेणबत्ती विझवणं, पिपाणी वाजवणं असले व्यायाम पुढेमागे कुणीतरी सांगेल. फुंकण्यानं बोलणं सुधारत नाही, त्यात वेळ घालवू नका. टाळू दुभंगलेल्या बहुतेक मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. टाळूच्या ऑपरेशनआधी ऐकण्याची तपासणी मागून घ्या आणि कानात कोमट तेल घालू देऊ नका. पुढच्या बाळाची भीती असेल तर, आईवडिलांना स्वतःला हा त्रास नसताना पुन्हा होण्याची शक्यता साधारण शंभरात तीन ते पाच असते. घराण्यात आणखी कुणाला असेल किंवा मुलीला सोबत दुसरं काही असेल तर हा आकडा बदलतो, तेव्हा आधी विचारून घ्या. गर्भ राहायच्या आधीपासून फॉलिक ॲसिड डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

कुठून सुरू करायचं? सासरवाडीला जा. पण "चल घरी" म्हणायला जाऊ नका आणि सोबत समजूत काढणारी चार मोठी माणसंही नेऊ नका. मोठ्याला घ्या आणि दोन दिवस राहायच्या तयारीनं जा, पावसाळ्यात मळा दोन दिवस भाऊ बघील. पहिल्या दिवशी काही बोलायची गरज नाही. संध्याकाळी मुलीच्या दुधाची वेळ झाली की हात धुऊन वहिनींच्या शेजारी बसा आणि वाटी-चमचा मागा. ठसका लागेल. तुमचा हात थरथरेल, वहिनी वाटी परत घ्यायला पुढे होतील. तेव्हा मुलीला पुढे झुकवा, नाक पुसा, तिचा श्वास नीट लागेपर्यंत थांबा आणि चमचा पुन्हा भरा.